‘पाहिजे’, ‘बेकु’ आणि जीवन-मार्गदर्शकाची कौशल्ये

1

‘लाइफ कोच’ ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यावसायिकाने कोणती कौशल्ये आत्मसात करावीत, ह्या प्रश्नाचा विचार आजवर मुख्यतः मानसशास्त्र आणि व्यवस्थापनशास्त्र ह्यांच्या कक्षेत झालेला आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे कारण प्रथमदर्शनी दिसत नाही. परंतु ह्या व्यवसायात औषध नाही आणि उपकरणही नाही. दोन माणसांचे बोलणे एवढेच त्याचे साधन आहे. ज्याचे सारे साधन बोलणे हेच आहे, त्या व्यवसायाची कौशल्ये ज्या भाषेत ते बोलणे घडते तिच्यापासून अलग करून पाहता येणार नाहीत. ह्या कौशल्यांच्या प्रचलित याद्या इंग्रजीत तयार झाल्या आणि त्या सर्व भाषांना सारख्याच लागू पडतात असे गृहीत धरले गेले. हे गृहीत तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या तपासणीसाठी बंगळूर हे स्थळ सोयीचे आहे. 1638 नंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे झालेल्या ह्या नगरात मराठी आणि कन्नड शेजारी नांदू लागल्या. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये ह्याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त त्या दरबाराच्या बहुभाषिकतेचे चित्र उमटले आहे, वि. का. राजवाडे ह्यांनी तो ग्रंथ 1922 मध्ये संपादून प्रसिद्ध केला. आधुनिक काळात ह्याच नगरात मनोविकारांच्या अभ्यासाचे मोठे केंद्र उभे राहिले. 1954 मध्ये येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि 1974 मध्ये ती व म्हैसूर राज्याच्या काळापासूनचे मनोरुग्णालय एकत्र येऊन ‘निम्हान्स’ ही राष्ट्रीय संस्था आकाराला आली. पुढे माहिती-तंत्रज्ञानाच्या उद्योगामुळे देशाच्या सर्व भागांतून तरुण येथे आले. ते दिवसा इंग्रजीत काम करतात, बाजारात कन्नड-हिंदी बोलतात आणि आईला फोन करताना मराठीत, तेलुगूत किंवा बंगालीत बोलतात. अशा तरुणाने आपली अडचण सांगायची ती कोणत्या भाषेत, आणि ती ऐकणाऱ्याला त्या भाषेचे काय ठाऊक असावे, हा येथे रोजचा प्रश्न आहे.

2

प्रथम ‘कोच’ ह्या शब्दाचा विचार करू. हंगेरीतील कोच नावाच्या गावी तयार होणाऱ्या गाडीला त्या गावाचे नाव पडले आणि ते युरोपातील अनेक भाषांत पसरले. एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी परीक्षा पार करून देणाऱ्या खासगी शिक्षकाला विनोदाने ‘कोच’ म्हणावयास सुरुवात केली. तो जणू विद्यार्थ्याला वाहून पैलतीरी नेणारी गाडी. तेथून हा शब्द क्रीडांगणावर गेला. 1974 मध्ये टिमथी गॅल्वे ह्यांनी टेनिसवरील आपल्या पुस्तकात असे मांडले की खेळाडूचा खरा अडथळा त्याच्या मनात असतो आणि शिक्षकाचे काम तो दूर करण्यास साहाय्य करणे हे आहे. पुढे थॉमस लेनर्ड ह्यांनी 1992 मध्ये प्रशिक्षणसंस्था आणि 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन करून ह्या व्यवसायाला आजचे रूप दिले. त्या संघटनेने 2019 मध्ये सुधारून मांडलेल्या आराखड्यात आठ क्षमता सांगितल्या आहेत. नीतीचे पालन, मनोवृत्ती, करार, विश्वास, उपस्थिती, लक्षपूर्वक ऐकणे, जाण जागविणे आणि वाढीला साहाय्य करणे असे त्यांचे स्थूल स्वरूप आहे.

मराठीत ह्या शब्दाने ‘कोचिंग क्लास’च्या वाटेने प्रवेश केला आणि त्यामुळे त्याला घोकंपट्टीचा वास लागला. ‘प्रशिक्षक’ हा शब्द मैदानापुरता राहिला. ‘मार्गदर्शक’ ह्या शब्दात मार्ग दाखविणाऱ्याला तो आधीच ठाऊक आहे अशी सूचना आहे. गाडीच्या रूपकाला आपल्या परंपरेत जवळचा असा शब्द आहे तो ‘सारथी’. मात्र गाडी प्रवाशाला वाहून नेते, तर सारथी रथीच्या सांगण्यावरून रथ हाकतो. गीतेच्या आरंभी रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करावा हे अर्जुन सांगतो आणि श्रीकृष्ण तसे करतो. सारे निरूपण आटोपल्यावर अठराव्या अध्यायात तो निर्णय पुन्हा अर्जुनाकडेच सोपवितो. दिशा कोणी ठरवावयाची ह्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याकडे असे पूर्वीपासून आहे. पुढील विवेचनात सोयीसाठी ‘जीवन-मार्गदर्शक’ हाच रूढ शब्द वापरला आहे. त्याचा अर्थ सारथ्याच्या बाजूने घ्यावा.

3

पहिले कौशल्य ऐकण्याचे. कार्ल रॉजर्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1957 मध्ये साहाय्यकाची सहानुभूतिपूर्ण समज, विनाअट आदर आणि आंतर्बाह्य एकरूपता ह्या गोष्टी बदलाला आवश्यक म्हणून सांगितल्या. ऐकणाऱ्याने समोरच्याची भावना ओळखून ती त्याला परत बोलून दाखवावी, ही पद्धती त्या विचारातून रूढ झाली. इंग्रजीत हे साधण्यासाठी भावनावाचक क्रियापद आणि विचारवाचक क्रियापद वेगळे असते. मराठीत ‘वाटणे’ हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते. ‘मला वाईट वाटते’ ही भावना, तर ‘मला वाटते की साहेबांचे चुकले’ हे मत. कन्नडमधील ‘अन्निसुत्तदे’ ह्या रूपाचीही गत अशीच आहे. म्हणून ‘तुम्हांला काय वाटतं?’ असे विचारणाऱ्या मार्गदर्शकाला पुष्कळदा मत मिळते आणि भावना मिळाली असे तो समजतो. ‘हे घडलं तेव्हा मनात काय आलं?’, ‘जिवाला काय झालं?’ असे विचारल्यास वाट वेगळी फुटते.

दुसरी बाब अधिक मूलगामी आहे. मराठीत माणूस रागावतो त्यापेक्षा त्याला राग येतो. त्याला भीती वाटते, आठवण येते, कंटाळा येतो. अनुभव घेणारा चतुर्थीत असतो आणि भावना ही कर्ता बनून त्याच्याकडे चालत येते. कन्नडमध्येही ‘ननगे कोप बन्तु’, म्हणजे ‘मला राग आला’, अशीच रचना आहे. भारतीय भाषांच्या परस्परसंसर्गाचा जो विचार एमेनो ह्यांनी 1956 च्या निबंधात मांडला, त्याच्या पुढील अभ्यासात ह्या रचनेला महत्त्वाचे स्थान मिळाले. जीवन-मार्गदर्शकाला तिचा व्यावहारिक उपयोग आहे. आलेली गोष्ट जाऊ शकते. ‘मी रागीट आहे’ असे म्हणणाऱ्या माणसाला ‘तुम्हांला राग केव्हा केव्हा येतो?’ असे विचारले की स्वभावाचा शिक्का गळून पडतो आणि प्रसंगांची चर्चा सुरू होते. पाश्चात्त्य उपचारपद्धतींत व्यक्ती आणि समस्या ह्यांना अलग करण्यासाठी जे प्रयत्नपूर्वक करावे लागते, त्याची अर्धी तयारी आपल्या व्याकरणाने करून ठेवलेली आहे. अर्थात ह्याच रचनेआड जबाबदारी टाळताही येते. ‘हातून घडले’, ‘राहून गेले’ असे बोलणाऱ्याच्या वाक्यात कर्ता हरवलेला असतो. तो कोठे हरवला हे ऐकू येणे हेही कौशल्यच होय.

ह्याखेरीज देहाच्या भाषेतील वाक्प्रचार आहेत. पोटात गोळा येतो, जीव गुदमरतो, डोके जड होते, छाती दडपते. मराठी माणूस मनाचे दुःख पुष्कळदा शरीराच्या नावाने सांगतो. ऐकणाऱ्याने त्याचा लाक्षणिक अर्थ जाणावा. परंतु छातीतील खरी कळ आणि वाक्प्रचारातील कळ ह्यांत गल्लत होऊ नये म्हणून वैद्यकीय तपासणी झाली आहे की नाही हेही विचारावे.

4

दुसरे कौशल्य प्रश्न विचारण्याचे. ह्या क्षेत्रात ‘का’ हा प्रश्न जपून वापरावा असे सांगितले जाते. मराठीत तर तो विशेष जपावा लागतो, कारण घरात आणि शाळेत ‘असं का केलंस?’ हे वाक्य चौकशीपेक्षा दटावणीसाठीच अधिक वापरले जाते. त्याचे उत्तर म्हणून समर्थन तरी मिळते किंवा मौन. ‘हे कशामुळे झालं असेल?’, ‘तेव्हा काय काय घडत होतं?’ ह्या रूपांत जिज्ञासा शिल्लक राहते.

प्रश्नाइतकेच महत्त्व संबोधनाला आहे. इंग्रजीत एका सर्वनामाने भागते. मराठीत पहिल्याच वाक्यात ‘तू’, ‘तुम्ही’ की ‘आपण’ हे ठरवावे लागते. कन्नडमध्ये ‘नीनु’ की ‘नीवु’ हे. ‘तू’ म्हटल्याने जवळीक येते तशी वडीलकीही येते. ‘काका’, ‘ताई’, ‘दादा’ असे नाते जोडले की विश्वास लवकर बसतो. पण त्या नात्याबरोबर आज्ञापालनाची अपेक्षाही खोलीत येऊन बसते. ह्या पेचाची मराठीतील प्रसिद्ध कथा चांगदेवाची आहे. वयाने लहान पण ज्ञानाने मोठ्या असलेल्या ज्ञानेश्वरांना कोणता मायना लिहावा हे न सुचल्याने त्याने कोरे पत्र पाठविले, असे परंपरा सांगते. त्या कोऱ्या कागदाचे उत्तर म्हणून पासष्ट ओव्यांची ‘चांगदेवपासष्टी’ निर्माण झाली. न लिहिलेल्या मजकुरालाही उत्तर देता येते, हा त्या कथेचा मार्गदर्शकासाठी अर्थ. समोरचा गप्प बसला असता ती शांतता घाईने भरून न काढणे, तिचा आशय काय असेल ह्याचा विचार करणे, हे ऐकण्याचेच प्रगत रूप आहे.

मराठीजवळ आणखी एक साधन आहे, जे आजच्या कन्नडजवळ नाही. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ हा भेद मराठीने जपला आहे. कन्नडमध्ये दोहोंसाठी ‘नावु’ हे एकच रूप उरले आहे. ‘आपण ह्याकडे पाहू या’ असे म्हणताच दोघे एका बाजूला येतात. मात्र ‘आपण उद्या राजीनामा देऊ या’ असे मार्गदर्शक म्हणू शकत नाही, कारण राजीनामा एकालाच द्यावयाचा असतो. पाहण्याच्या क्रियेत ‘आपण’ आणि करण्याच्या क्रियेत ‘तुम्ही’, ही सीमा सांभाळली पाहिजे.

5

आता ‘पाहिजे’कडे येऊ. अल्बर्ट एलिस ह्यांनी 1955 पासून मांडलेल्या विचारसरणीचा गाभा असा की, माणसाच्या पुष्कळशा मनस्तापाचे मूळ इच्छेत नसून इच्छेचे हट्टात रूपांतर होण्यात असते. यश मिळावे असे वाटणे वेगळे आणि यश मिळालेच पाहिजे असा आग्रह धरणे वेगळे. मराठी वाचकांपर्यंत ही विचारसरणी पोहोचविण्याचे कार्य मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके ह्यांनी एलिस ह्यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून आणि ग्रंथ लिहून केले. ‘विवेकनिष्ठ’ हे तिचे विशेषण मराठीत रुजले.

हा भेद इंग्रजीत दोन निरनिराळ्या शब्दांवर उभा आहे. मराठीत काय होते? ‘मला चहा पाहिजे’ ह्यात ‘पाहिजे’ इच्छा दाखविते, तर ‘मी अभ्यास केला पाहिजे’ ह्यात कर्तव्य. कन्नडमध्ये ‘ननगे नीरु बेकु’ म्हणजे ‘मला पाणी हवे’, आणि ‘नानु होगबेकु’ म्हणजे ‘मी गेले पाहिजे’. दोन वेगळ्या कुळांतील ह्या भाषांनी इच्छा आणि सक्ती ह्यांना एकाच शब्दाच्या छपराखाली ठेवले आहे. त्यामुळे ‘मला ही बढती पाहिजे’ असे बंगळूरमधील एखादा मराठी किंवा कन्नड तरुण म्हणतो तेव्हा तो आपली आवड सांगतो आहे की आपल्यावरचा हुकूम, हे केवळ त्या शब्दावरून कळत नाही. मार्गदर्शकाने ते शोधून काढावयाचे असते.

त्या शोधाची साधने भाषेतच आहेत. पहिले साधन ‘च’ हे अव्यय. ‘मिळाली पाहिजे’ आणि ‘मिळालीच पाहिजे’ ह्यांतील अंतर हे एलिस ह्यांना अभिप्रेत असलेलेच अंतर आहे. जो मार्गदर्शक बोलण्यातील ‘च’ टिपून ठेवतो, त्याला हट्टाची जागा आयतीच सापडते. दुसरे साधन विध्यर्थाचे रूप. ‘मिळावी असे मला वाटते’ ह्या वाक्यात उत्कटता आहे, पण जुलूम नाही. एकच विधान ह्या तीन रूपांत बोलवून घेतले आणि प्रत्येक रूप उच्चारताना मनाला काय होते हे विचारले, तर सिद्धांत न सांगता भेद उमगतो. तिसरे साधन शब्दाचा इतिहास. ‘पाहिजे’ हे ‘पाहणे’ ह्या धातूचे जुने कर्मणी रूप आहे. ‘म्हणिजे’पासून ‘म्हणजे’ झाले त्याच जातीचे. ‘पाहिले जाते, शोधले जाते’ हा त्याचा मूळ अर्थ. आज आज्ञा बनून बसलेल्या शब्दाच्या मुळाशी शोध आहे. ‘हे पाहिजे’ म्हणणाऱ्याला ‘ह्यात तुम्ही काय पाहता आहात?’ असे विचारणे म्हणजे त्याला त्या मुळाकडे नेणे होय.

इंग्रजीतून शिकलेला मार्गदर्शक येथे सहज फसतो. तो ‘तुम्हांला पाहिजे ते करा’ असे सांगतो आणि आपण स्वातंत्र्य दिले असे मानतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यात नवे कर्तव्य ऐकू येऊ शकते.

6

ह्या टप्प्यावर एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. भारतीय माणूस मार्गदर्शकाकडे येतो तो प्रश्न ऐकण्यासाठी नव्हे, उत्तर मिळविण्यासाठी. मनोविकारतज्ज्ञ जसवंतसिंग नेकी ह्यांनी 1973 मध्ये गुरु-चेला नात्याकडे उपचाराचे एक प्रारूप म्हणून पाहिले आणि पाश्चात्त्य पद्धतीची अलिप्तता आपल्याकडे जशीच्या तशी चालेल काय, असा प्रश्न उपस्थित केला. नेकी हे 1979 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले पंजाबी कवीही होते, ही गोष्ट ह्या संदर्भात अर्थपूर्ण आहे.

आक्षेपात तथ्य आहे. परंतु आपली परंपरा उपदेशाचीच आहे असे त्यावरून ठरत नाही. ‘दासबोधा’च्या पाचव्या दशकात समर्थांनी गुरुलक्षण सांगताना निरनिराळ्या विद्या व कसब शिकविणारे आणि करामती दाखविणारे असे नाना प्रकारचे गुरू मोजून दाखविले आणि सद्गुरू त्यांहून वेगळा काढला. लगेच पुढच्या समासात शिष्यलक्षण आहे. म्हणजे पारख दोन्ही बाजूंची आहे. मुक्ताबाईच्या ताटीच्या अभंगांत तर अधिकाराचा क्रमच उलटा आहे. लोकांच्या वागण्याने दुखावून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाला धाकटी बहीण दार उघडावयास विनविते. तिच्याजवळ ना वय आहे ना पद. ती त्याला बाहेरचा कोणताही नियम लावीत नाही. संतपणाची त्याने स्वतः मानलेली ओळखच ती त्याच्यापुढे धरते. समोरच्याच्या स्वतःच्या मूल्यांना आवाहन करणे ह्या कौशल्याचे ह्याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

तेव्हा प्रश्न उपदेश द्यावा की देऊ नये इतका सरळ नाही. माहिती मागितली असता ती नाकारणे हा दुराग्रह होय. मात्र माहिती देऊन झाल्यावर निर्णय परत करावा आणि तो छोट्या कृतीत उतरवून घ्यावा. पुढील भेटीपूर्वी काय करावयाचे, केव्हा करावयाचे आणि अडचण आल्यास कोणाशी बोलावयाचे, हे येणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगावे. दुसऱ्याने सांगितलेल्या कृतीपेक्षा स्वतः उच्चारलेली कृती अंगी लागण्याचा संभव अधिक.

7

शेवटचे कौशल्य आपली सीमा ओळखण्याचे आहे आणि त्यावर कधी कधी जीवनमरण अवलंबून असते. जीवन-मार्गदर्शक ह्या नावाने काम करण्यासाठी भारतात कायद्याने ठरविलेला परवाना नाही. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मार्गदर्शकाला पाटी लावण्यापासून कोणी अडवीत नाही. म्हणून बंधन स्वतःच घालून घ्यावे लागते. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे हरपणे, भास होणे, व्यसनाधीनता, घरातील हिंसा, मरणाची भाषा ह्यांपैकी काही दिसल्यास सल्लामसलत पुढे रेटू नये, तज्ज्ञाकडे न्यावे. येथेही भाषा ऐकावी लागते. ‘मरावंसं वाटतं’ असे मराठी माणूस क्वचितच म्हणतो. ‘आता सगळं पुरे झालं’, ‘माझी अडचणच होते सगळ्यांना’ असे तो म्हणतो. अशा वेळी सरळ आणि शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ ह्या शासकीय सेवेचे शिखरकेंद्र बंगळूरचे निम्हान्स हेच आहे. 14416 ह्या क्रमांकावर मराठी आणि कन्नडसह अनेक भारतीय भाषांत तेथे बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक मार्गदर्शकाच्या समोर असावा.

दुसरी सीमा गोपनीयतेची. शुल्क वडिलांनी किंवा कंपनीने भरले तर ऐकलेले कोणाला सांगावयाचे? एकत्र कुटुंबाच्या संस्कारात ‘आम्हांला कळायला नको का?’ हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो आणि म्हणूनच तो टाळणे अवघड असते. काय सांगितले जाईल आणि काय नाही, हे पहिल्या भेटीतच सर्वांसमोर ठरवून घ्यावे. जिवाला धोका असेल तर गुप्तता बाजूला ठेवावी लागेल, हेही त्याच वेळी सांगावे.

ह्या सर्व कौशल्यांचे शिक्षण देशी भाषांत देता येते, ह्याचा दाखला बंगळूरमध्येच आहे. निम्हान्समधील मनोविकारतज्ज्ञ सी. आर. चंद्रशेखर ह्यांनी मनःस्वास्थ्यावर कन्नडमधून शंभराहून अधिक पुस्तके लिहिली आणि सामान्य स्वयंसेवकांना समुपदेशनाचे धडे दिले. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कार्यातून दिसते ते असे की शास्त्र लोकभाषेत आणल्याने उथळ होत नाही. उलट बोलणाऱ्याचे खरे शब्द पुढे आल्यामुळे ते नेमके होते.

मराठीत असे लेखन करावयाचे तर मानसशास्त्रज्ञाला भाषाभ्यासकाची साथ लागेल. वाटणे, येणे, पाहिजे, च, आपण ह्या साध्या शब्दांची प्रत्यक्ष बोलण्यातील कामगिरी नोंदवून ठेवणे आणि कन्नड, तेलुगू, तमिळ ह्यांतील समांतर रूपांशी ती ताडून पाहणे, हे काम आपल्या विद्यापीठांतील भाषाविभागांना करता येण्याजोगे आहे. त्याचा लाभ व्याकरणाला होईलच. पण परक्या शहरातील भाड्याच्या खोलीत बसून ‘मला काय पाहिजे हेच कळत नाही’ असे म्हणणाऱ्या तरुणाला तो अधिक होईल. त्याच्या त्या वाक्यातील प्रत्येक शब्द ऐकू येणारा माणूस त्याच्यासमोर बसलेला असेल.